मोलाचें आतिथ्य

बोरघाटाच्या पायथ्याशीं पसरलेल्या कर्जत व खालापूर या दोन तालुक्यांतून पावसाळ्यांतील एखाद्या शनिवारीं जो कोणी प्रवास करील, त्याच्या दृष्टीस एक नवेंच वाङ्मय पडल्यावांचून राहणार नाहीं. हें वाङ्मय पुस्तकांत छापलेलें नसून पाट्यांवर रंगविलेलें आहे. भातखाचरांच्या बांधावर, ओढ्यावरच्या साकवाशेजारीं, वळणावरच्या आंब्याच्या खोडावर या पाट्या दिसतात. येथें घरगुती जेवण मिळेल, घरच्यासारखी राहण्याची सोय होईल, येथें पाहुणा हा देव आहे, असें त्या येणाऱ्याजाणाऱ्यास सांगत असतात. टीकाकारानें पाट्या वाचाव्या काय, असा प्रश्न कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, ज्या वाक्यावर विश्वासून माणसें पदरचे पैसे मोजून परक्याच्या छपराखालीं रात्र काढतात, तें वाक्य एखाद्या भावगीताइतकेंच परीक्षणास पात्र आहे. किंबहुना अधिकच, कारण भावगीत फसलें तर वाचकाचा घटकाभर वेळ जातो, परंतु हें वाक्य फसलें तर त्याचा भुर्दंड चुलीपुढें बसलेल्या कोणा एका माणसास सोसावा लागतो.

या वाक्याचें व्याकरण पाहावें. 'घरगुती जेवण मिळेल' या वाक्याचा कर्ता जेवण आहे. जेवण आपण होऊन रांधलें जातें, आपण होऊन ताटांत येतें आणि आपण होऊन मिळतें! तें करणारें माणूस वाक्यांत कोठेंच नाहीं. तें कां नाहीं, आणि तें नसण्याची संवय आपल्या आतिथ्याच्या वाङ्मयानें आपणांस कशी लावली, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम या प्रदेशाविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. कर्जत-खालापूरच्या मुलखास पाहुणा नवखा नाहीं. राजमाचीच्या पायथ्याशीं कोंडाण्याचीं लेणीं आहेत. तेथें राहणाऱ्या बौद्ध भिक्षूंसाठीं मुक्कामाच्या खोल्या दगडांतच खोदलेल्या आहेत. पुढें नाना फडणविसांनीं घाटाच्या तोंडाशीं खोपोलीस तलाव व महादेवाचें देऊळ बांधविलें. १८५६ सालीं आगगाडी खोपोलीपर्यंत आली आणि १८५८ मध्यें खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत दुसरी गाडी सुरू झाली. परंतु मधला घाट गाडीस १८६३ पर्यंत चढतां आला नाहीं. तोंपर्यंत प्रवाशानें खोपोलीस उतरावें, पालखी किंवा तट्टू करून घाट चढावा आणि खंडाळ्यास पुन्हां आगगाडींत बसावें, असा क्रम होता. घाटांतून रूळ गेल्यावर थांबण्याचा मान कर्जतकडे आला. चढासाठीं मागून जादा इंजिन लावण्याकरितां गाड्यांना कर्जतला उभें राहावें लागे, आणि कर्जतच्या बटाटेवड्याची कीर्ति या थांब्यानेंच वाढविली. कर्जत तालुक्यांतीलच माथेरानचा डोंगर १८५० मध्यें ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनीं साहेबलोकांच्या नजरेस आणला, आणि १९०७ पासून नेरळची चिमुकली आगगाडी त्यावर चढूं लागली. २००२ मध्यें पुरा झालेला मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग तर खालापुराच्या अंगावरूनच धांवतो. इतिहास पाहतां थांबणाऱ्याची सोय पाहणें हा या भूमीचा परंपरागत धंदाच म्हटला पाहिजे. नवीन गोष्ट एवढीच कीं, पूर्वींचा पाहुणा पुढें जाण्यासाठीं थांबे; आजचा पाहुणा थांबण्यासाठींच येतो.

या नव्या पाहुण्याला आपण जुनाच शब्द लावतों आणि घोटाळ्याचा प्रारंभ तेथें होतो. ज्याच्या येण्याला तिथि नाहीं तो अतिथि, असें आपले पंडित सांगत आले. आजचा अतिथि तिथि ठरवून, कांहीं पैसे आगाऊ भरून, येण्याची घटका व जाण्याची घटका दोन्ही ठाऊक करून घेऊन येतो. यांत त्याचा दोष नाहीं; परंतु त्याला अतिथि म्हणतांना आपण काय करीत आहों हें कळलें पाहिजे. केंद्र सरकारच्या पर्यटनखात्यानें तैत्तिरीय उपनिषदांतील अतिथीला देव मानण्याची आज्ञा उचलून तिचें घोषवाक्य केलें, आणि तेंच आतां गांवोगांवच्या पाट्यांवर उतरलें आहे. त्या आज्ञेचें मूळ स्थान पाहावें. शिक्षावल्लींत विद्या पुरी करून निघालेल्या शिष्यास गुरु सांगतो कीं, आई, बाप, आचार्य आणि अतिथि यांना देव मान. ही आज्ञा यजमानास आहे, पाहुण्यास नाहीं. पाहुण्यानें ती यजमानाच्या दारावर वाचावी आणि तिच्या बळावर गरम पाणी लवकर मागावें, असा ऋषींचा हेतु खास नसावा. शिवाय त्याच उपनिषदांत पुढें भृगुवल्लींत असें सांगितलें आहे कीं, वस्तीस आलेल्या कोणासहि परत लावूं नये, आणि म्हणून गृहस्थानें जमेल त्या रीतीनें पुष्कळ अन्न मिळवून ठेवावें. या दुसऱ्या उपदेशांत पहिल्याहून अधिक शहाणपण आहे असें आम्हांस वाटतें. देव म्हणणें सोपें आहे. परंतु देवाला वाढावयाचे तांदूळ कणगींत असावे लागतात. घोषवाक्य करणारांनीं शिक्षावल्ली घेतली आणि भृगुवल्ली सोडली. म्हणजे नमस्कार घेतला आणि कणगी सोडली.

कणगी रिकामी असतां पाहुणा आला तर काय होतें, हें आपल्या दोन प्रसिद्ध कथांत पाहावयास मिळतें. महाभारताच्या आश्वमेधिक पर्वांतील सक्तुप्रस्थाच्या कथेंत कुरुक्षेत्रांतल्या एका दरिद्री ब्राह्मणाच्या घरीं पुष्कळ उपासांनंतर थोडे सातू मिळतात. त्यांचे चार वांटे होतात, आणि घांस घेणार तोंच अतिथि दारीं येतो. ब्राह्मणाचा वांटा संपतो, पण पाहुण्याची भूक भागत नाहीं. मग पत्नीचा वांटा, मग मुलाचा, आणि शेवटीं सुनेचा. या दानापुढें युधिष्ठिराचा यज्ञहि फिका होय, असा निवाडा त्या कथेंतलें मुंगूस देतें. कथा थोर आहे यांत संशय नाहीं. तथापि उपाशी राहण्याची पाळी येतां येतां कोणावर येऊन थांबली, हें वाचकानें ध्यानांत घ्यावें.

दुसरी कथा श्रियाळ-चांगुणेची. श्रीधराच्या १७१८ मधील शिवलीलामृतामुळें ती महाराष्ट्रांत घरोघर पोंचली. तींतला पाहुणा पोटचें पोर मागतो. आणि एवढ्यावर न थांबतां आईनें डोळ्यांत टिपूस न आणतां तें रांधावें, अशी अट घालतो. भक्तीची परीक्षा म्हणून ऐकणारे हात जोडतात, आणि तें योग्यच आहे. परंतु आतिथ्याची कथा म्हणून ती वाचली असतां तींत एक निराळीच गोष्ट दिसते. यजमानिणीनें नुसतें राबून भागत नाहीं. तिनें प्रसन्न मुखानें राबलें पाहिजे. आज मुक्काम संपल्यावर पाहुण्यांनीं तारे देऊन घराची प्रतवारी ठरवावी अशी रीत पडली आहे, आणि तींत वाढणारीचा चेहरा हंसरा होता कीं नव्हता याचीहि नोंद होत असते. चांगुणेची अट अद्याप सुटलेली नाहीं, असेंच म्हणावें लागतें.

पुराणांकडून अर्वाचीन गद्याकडे वळलें असतां पाहुण्याच्या बाजूचा एक उत्तम साक्षीदार याच जिल्ह्यांत सांपडतो. खालापूरला लागून असलेल्या पेण तालुक्यांतील वरसईचे विष्णुभट गोडसे घरचें कर्ज फेडण्यासाठीं दक्षिणेच्या आशेनें १८५७ सालीं उत्तरेकडे गेले आणि बंडाच्या वणव्यांत सांपडले. त्यांचा 'माझा प्रवास' चिंतामणराव वैद्यांनीं १९०७ मध्यें प्रसिद्ध केला. या पुस्तकाची ख्याति झांशीच्या हकीकतीमुळें आहे. आम्हांस तें धंद्यानेंच पाहुणा असलेल्या माणसाचें आत्मवृत्त म्हणूनहि मोलाचें वाटतें. भिक्षुकाला यजमानाचें दार हेंच शेत. त्या दारीं आपण कशासाठीं गेलों हें विष्णुभट लपवीत नाहींत, आणि या मोकळेपणामुळेंच त्यांच्याविषयींचा आदर वाढतो. पाहुणा आणि यजमान यांच्यामध्यें पैसा होता हें सांगण्यास त्यांना लाज वाटली नाहीं. ती लाज पुढच्या पिढ्यांची कमाई आहे.

यजमानघराची आंतली बाजू निर्भयपणें उघडून दाखविणारा ग्रंथ म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांचीं १९३४ पासून भागाभागानें प्रसिद्ध झालेलीं 'स्मृतिचित्रें'. त्यांत टिळकांचा हात सढळ आहे, दार सताड उघडें आहे, आणि शिलकींत कांहीं उरलें आहे कीं नाहीं याची विवंचना बाईंच्या वांट्याला आलेली आहे. बाई हंसतात, परंतु त्यांचें हंसणें चांगुणेसारखें मागून घेतलेलें नाहीं. तें त्यांचें स्वतःचें आहे, आणि त्या हंसण्यामागें घरांतल्या पैपैचा हिशेब आहे. मराठी वाचकानें या पुस्तकावर जें प्रेम केलें त्याचें एक कारण आमच्या मतें हेंच असावें कीं, आजवर माजघराच्या दाराआड उभी असलेली व्यक्ति येथें ओटीवर येऊन बोलूं लागली.

येथपर्यंत आतिथ्य झालें तें धर्माचें. मोलाच्या आतिथ्याचा प्रश्न निघाला कीं आपला पांढरपेशा समाज अजूनहि अवघडतो. अन्न विकणें हें आपण पातक मानीत आलों, आणि दुसऱ्या बाजूनें घरापासून दूर राहणाऱ्या आपल्याच मुलांना आणि कारकुनांना विकतच्या अन्नावर पोसत आलों. खानावळ चालविणाऱ्या बाईचें अन्न आपण खाल्लें. तिच्या धंद्याला मात्र धंदा न म्हणतां दैवाचा फेरा म्हटलें. कर्जतहून निघालेली लोकल गाडी मुंबईच्या ज्या गिरणगांवांतून जाते, तेथें ही करुणेची भाषा एका संस्थेनें मोडून काढली. गिरण्यांतील एकट्या कामगारांना घरीं जेवण करून घालणाऱ्या बाया सावकाराच्या व्याजाखालीं पिचत होत्या. १९७५ सालीं प्रेमा पुरव यांनीं त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केलें आणि बँकांचीं कर्जें त्यांच्या स्वतःच्या नांवावर मिळवून दिलीं. यांत वाङ्मयविचाराच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट अशी कीं, कर्जाच्या कागदावर नांव लिहावें लागतें. त्या बाईचें काम नवीन नव्हतें; कागदावरचें नांव नवीन होतें. मोल ठरल्यानें तिची अन्नपूर्णा कमी झाली नाहीं, ती प्रथमच मोजली गेली.

ही कसोटी हातीं घेऊन आपण पुन्हां कर्जत-खालापूरच्या पाट्यांकडे येऊं. सरकारी मराठींत अशा घरांच्या योजनेला 'निवास व न्याहारी' असें नांव आहे. हें नांव ज्या कोणी सुचविलें असेल त्याचें आम्ही अभिनंदन करतों. न्याहारी हा शब्द शेतकऱ्याचा आहे. पहांटे नांगराला गेलेल्या माणसाला उन्हें वर येतां येतां बांधावर पोंचविलेली भाकरी ती न्याहारी. पांढरपेशे लोक चहा-फराळ करतात. पाहुण्याच्या तोंडीं हा शब्द घालून योजनेनें त्याला नकळत शेतकऱ्याच्या पंक्तीला बसविलें आहे. या विषयावरील केंद्र सरकारच्या नियमांत अशीहि अट आहे कीं, भाड्यानें देण्याच्या खोल्या सहांपेक्षां अधिक नसाव्या, आणि मालकानें त्याच घरांत आपल्या कुटुंबासह राहत असलें पाहिजे. सरकारी नियमांकडे कोणी वाङ्मय म्हणून पाहत नाहीं; पण आमच्या मतें आतिथ्याविषयीं आज लिहिलें जाणारें सर्वांत खरें वाक्य हेंच आहे. ज्या घरीं घरचें माणूस राहत नाहीं तें घर नव्हे, एवढें तें सांगतें.

आतां या दोन तालुक्यांतील घरें या वाक्यापुढें उभीं करावीं. एक वर्ग शेतकऱ्यांच्या घरांचा. नेरळजवळ भडसावळे कुटुंबाची सगुणा बाग आहे. तेथें शेती आणि पाहुणचार हे दोन्ही उद्योग एकाच बांधावर चालतात, आणि नांगरट व लावणी टाळून गादीवाफ्यावर भात घेण्याची सगुणा पद्धति त्याच शेतांत आकारास आली. येथें पाहुणा ज्या शेतांतून हिंडतो तें यजमानाचें पोट आहे, शोभेचें चित्र नव्हे. दुसरा वर्ग डोंगरांतल्या वाड्यांचा. पेठच्या किल्ल्याखालची पेठवाडी घ्या, किंवा भीमाशंकराच्या वाटेवरचें खांडस घ्या; डोंगर चढून दमलेल्या माणसाला तेथल्या घरांतून पिठलें, तांदळाची भाकरी आणि ठेचा मिळतो, ओटीवर पथारी टाकावयास जागा मिळते. खोलीला आंतून कडी नसेल, परंतु भाकरी कोणीं थापली हें पाहुण्यास समोर दिसत असतें. हीं दोन्हीं प्रकारचीं घरें नियमाच्या अर्थानें खरीं घरें आहेत.

तिसरा वर्ग मोठा आहे आणि पाट्या बहुधा त्याच्याच आहेत. मुंबई-पुण्याच्या धनिकानें जमीन घ्यावी, बंगला बांधावा, पोहण्याचा हौद करावा, आणि आपण वर्षांतून चार वेळां येऊन उरलेले दिवस तो भाड्यानें द्यावा. तेथें 'घरच्यासारखें' या शब्दांतलें घर कोणाचें, हें शोधूं लागलें कीं उत्तर मिळत नाहीं. मागें एका श्रावणांत अशाच एका बंगल्यांत आम्ही दोन रात्री राहिलों. सकाळीं न्याहारीस वालाची उसळ आणि ऊन ऊन भाकरी आली; इतकी उत्तम कीं न राहवून आम्ही वाढणाऱ्या बाईंना विचारलें, "मावशी, घर तुमचंच का हो?" त्या म्हणाल्या, "नाय वो, शेटचं. आमचं तिकडं, वाडीवर." "मग तुमच्या घरीं आत्तां भाकरी कोण भाजतं?" "पोरगी भाजते, शाळेत जायच्या आधी," असें म्हणून त्या तव्याकडे वळल्या. त्या घांसानंतर पाटीवरच्या शब्दाचा अर्थ आम्हांस लागला. जेवण घरगुती होतें हें खरें. फक्त तें ज्या घरचें होतें त्या घरांतून तेवढ्यापुरतें वजा झालें होतें. आम्ही भरलेल्या रकमेंतून त्या वाडीवरच्या घरांत काय पोंचलें हें विचारण्याचें धैर्य त्या वेळीं आम्हांस झालें नाहीं, आणि याची खंत अद्याप आहे.

मालक दूर आणि राखणदार घरीं, ही स्थिति जगाच्या वाङ्मयास अपरिचित नाहीं. होमराच्या ओडिसींत वीस वर्षांनीं परतलेला राजा भिकाऱ्याच्या वेषांत प्रथम जातो तो आपल्या डुकरें राखणाऱ्या यूमेयसाकडे. हा यूमेयस पदरचा गुलाम. मालक जिवंत आहे कीं नाहीं हें त्याला ठाऊक नाहीं. तरी तो अनोळखी म्हाताऱ्याला आंत घेतो, बसावयास कातडें पसरतो, डुकराचें मांस भाजून वाढतो आणि रात्रीं आपलें पांघरूण त्याच्या अंगावर घालतो. त्याच वेळीं राजवाड्यांत न बोलावतां येऊन बसलेले उमराव मालकाचीं गुरेंढोरें फस्त करीत असतात. आतिथ्याचा खरा धनी राखणदारहि असूं शकतो, हें होमरानें इतक्या पुरातन काळीं ओळखलें. आणि ओळखून त्यानें काय केलें? त्यानें राखणदाराला नांव दिलें. आमच्या पाटीकर्त्यांस एवढेंहि साधूं नये याचें नवल वाटतें.

पाटीचें दुसरें खोटेपण ताटांत उतरतें. कर्जतच्या भात संशोधन केंद्रांतून 'कर्जत-३', 'कर्जत-१८४' अशा जाति निघाल्या आणि गांवाचें नांव दूरदूरच्या खाचरांतून रुजलें. परंतु त्याच कर्जतच्या कित्येक घरगुती म्हणविणाऱ्या घरांतून पाहुण्यास मिळतो तो पंजाबी पद्धतीचा पनीर आणि बासमतीचा पुलाव. थंडीच्या दिवसांत भांबुर्ड्याच्या पाल्यांत वालाच्या शेंगा घालून मडकें उपडें ठेवून जाळांत भाजलेली पोपटी ही या जिल्ह्याची खरी मेजवानी. ती मागणारा पाहुणा विरळा, आणि म्हणून देणाराहि विरळा. येथें मात्र आम्ही सर्व दोष यजमानावर टाकणार नाहीं. जो पाहुणा घराबाहेर पडतो तो आपलें घर पाठीवर घेऊनच निघतो, आणि जेथें जाईल तेथें तेंच मागतो. घरच्यासारखें या शब्दाचा त्याला अभिप्रेत असलेला अर्थ 'माझ्या घरच्यासारखें' असा असतो. यजमानाच्या घरच्यासारखें हा अर्थ त्याच्या मनांतहि येत नाहीं.

यजमान कोठें व कसा राहतो याची चौकशी पाहुण्यानें न करणें हा निव्वळ शिष्टाचाराचा प्रश्न नाहीं, हें खालापूर तालुक्यानें एका भयंकर रात्रीं शिकविलें. इर्शाळगडाच्या उतारावर इर्शाळवाडी नांवाची ठाकरांची वस्ती होती. गडावर जाणाऱ्यांची वाट त्या वस्तींतून जाई. घांगळलेले तरुण तिच्या अंगणांत टेकत, पाणी मागत, चहा-भाकरी घेत आणि वर जात. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं डोंगराचा कडा वस्तीवर कोसळला. सत्तावीस मृतदेह हातीं लागले. सत्तावन्न माणसें सांपडलींच नाहींत, आणि चार दिवसांनीं शोध थांबवावा लागला. जे वांचले त्यांना चौक गांवाजवळ तात्पुरत्या निवाऱ्यांत राहावें लागलें. ज्यांच्या अंगणांत इतरांनीं विसांवा घेतला तेच परक्या छपराचे पाहुणे झाले. त्या अंगणांत बसून गेलेल्यांपैकीं कितीजणांना पाणी देणारीचें नांव आठवलें असेल? पाहुण्यांनीं नांव विचारलें असतें म्हणून डोंगर थांबला नसता हें आम्हांस कळतें. परंतु ज्या उतारावर आपण छायाचित्रें काढून येतों त्याच उतारावर कोणी रोज निजतें, हें ज्याच्या ध्यानीं राहतें तो शहरांत परतल्यावर त्या वस्तीविषयीं बोलतो, विचारतो, लिहितो. पाहुणा हा वस्तीचा जगाशीं असलेला एक धागा आहे. पैसे चुकते केले कीं धागा तुटला, असें ज्याला वाटतें त्यानें पाणी घेतलें, आतिथ्य घेतलें नाहीं.

येथें दोन बाजूंनीं आक्षेप येतील. जुन्या वळणाचे सज्जन म्हणतील कीं, पैसा आला तेथें आतिथ्य संपलें. दर सांगून भाकरी वाढणें हा व्यापार होय. त्यांना आमचें सांगणें असें कीं, फुकटच्या आतिथ्याचेंहि मोल कोणीतरी देतच होतें. सक्तुप्रस्थाच्या कथेंत तें सुनेनें दिलें, टिळकांच्या घरीं लक्ष्मीबाईंनीं दिलें. यजमानाच्या औदार्याचें बिल स्वयंपाकघरांत फाडलें जाई, एवढेंच. मोल उघड ठरविल्यानें कोणाची तरी उपासमार वांचत असेल तर त्या व्यापारास आम्ही धर्मच म्हणूं. नव्या वळणाचे व्यवहारी गृहस्थ याच्या उलट म्हणतील कीं, पैसे दिले, आतां आमचें कांहीं देणें नाहीं. त्यांना कठोपनिषदांतील नचिकेत्याची आठवण द्यावीशी वाटते. तो यमाच्या दारीं तीन रात्री उपाशी राहिला, आणि प्रत्यक्ष मृत्यूनें त्याची क्षमा मागून रात्रीमागें एक असे तीन वर दिले. पाहुण्याचा यजमानावर केवढा अधिकार आहे हें त्यांत दिसतें. परंतु त्या अधिकाराचा उपयोग नचिकेत्यानें कसा केला हेंहि पाहावें. पहिला वर त्यानें मागें राहिलेल्या बापाच्या मनाला शांति मिळावी म्हणून मागितला. मागणें हें पाहुण्याच्या परीक्षेचें स्थळ आहे.

राज्यसरकारनें २०२० सालीं कृषिपर्यटनाचें धोरण ठरविलें, आणि २०२३ मध्यें 'आई' या नांवानें स्त्रियांसाठीं निराळें पर्यटनधोरण काढून त्यांच्या मालकीच्या व्यवसायांना कर्जावरील व्याजाची भरपाई देऊं केली. धोरणाचें नांव समर्पक आहे. पण ज्या स्त्रीच्या नांवावर सातबारा नाहीं, खोली नाहीं, नुसती चूल आहे, तिच्यापर्यंत हें 'मालकीच्या' शब्दाचें कुंपण ओलांडून तें कसें पोंचणार, हा प्रश्न उरतोच. त्याचें उत्तर देणें साहित्याचें काम नाहीं. साहित्याचें काम तो प्रश्न दिसूं लागेल असें लिहिण्याचें आहे, आणि तें मात्र आपण केलेलें नाहीं. प्रवासवर्णनें आपणांकडे विपुल झालीं. त्यांत पाहुणा बोलतो, डोंगर बोलतात, धबधबे तर अखंड बोलतात. ज्या घरीं तो पाहुणा उतरला त्या घरानें त्याच्याविषयीं काय म्हटलें, हें सांगणारें पुस्तक कोठें आहे? पेठवाडीच्या एखाद्या गृहिणीनें, वीस पावसाळ्यांत आपल्या ओटीवरून किती प्रकारचीं माणसें गेलीं, कोणीं ताट धुवून ठेवलें, कोणीं रात्रीं धिंगाणा घातला, कोणीं पुढच्या वर्षीं मुलीसाठीं वह्या आणल्या, हें नुसतें सांगितलें आणि कोणीं प्रामाणिकपणें उतरून घेतलें, तर 'स्मृतिचित्रां'च्या शेजारीं ठेवण्यासारखा ग्रंथ होईल असा आमचा विश्वास आहे.

तोंपर्यंत आमची सूचना अगदीं लहान आणि केवळ व्याकरणाची आहे. पाटीवरचें क्रियापद बदलावें. 'घरगुती जेवण मिळेल' हें वाक्य पुसून त्या जागीं जेवण करणारीचें नांव लिहावें आणि ती जेवण करून वाढते असें म्हणावें. वाक्याला कर्ता मिळाला कीं त्याचा मोबदला कोणाला जावा हा प्रश्न आपोआप उभा राहतो. आणि पाहुण्यालाहि ताटावर बसतांना कोणाचे आभार मानावे हें कळतें. मालक दूर असेल तर असो; चूल पेटविणारें माणूस पाटीवर आलें म्हणजे निदान तेवढ्यापुरतें तें घर खरें झालें. श्रावणांतल्या त्या सकाळीं आम्ही भाकरीची स्तुति केली, पैसे दिले आणि निघालों. मावशींचें नांव विचारावयाचें आमच्याकडूनहि राहून गेलें. पाटी लिहिणाराच्या आणि आमच्या चुकींत फारसें अंतर नाहीं, ही कबुली दिल्यावांचून हा लेख पुरा करतां येत नाहीं.